वाचल्याशिवाय अंगठा नाही

न वाचता ‘मला मान्य आहे’ असे म्हणणे हे असत्य होय. असत्य हे पाप होय. ही दोन वाक्ये मी शुक्रवारी सकाळी पाटावर बसून उच्चारली आणि रविवारी संध्याकाळी त्यांचे परिणाम भोगले. (सत्याचे परिणाम सत्यवादी माणसालाच का भोगावे लागतात, हे मी देवाला अनेकदा विचारले आहे. देव ऐकून घेतो.)

मी दस्त नोंदणीच्या कचेरीत कारकून होतो. गुंजवण्याच्या धरणाचे काम निघाले त्या सुमारास वेल्ह्याकडच्या जमिनींना पुण्याचे पाय फुटले. माणसे येत, अंगठा लावत आणि जात. रखमाजी नावाचा एक भाताचा शेतकरी दुसरीकडे भाडेपट्टा समजून खरेदीखतावर अंगठा लावून आला होता आणि आता जमीन परत कधी मिळेल, असे मला विचारत होता. त्या दिवशी मी शपथ घेतली. माझ्या टेबलासमोर दस्त मोठ्याने वाचला जाईल, समोरच्याला ‘समजले का?’ असे विचारले जाईल, आणि मगच अंगठा. साहेब चिडले. वकील चिडले. रांगेतली माणसेही चिडली. मी सर्वांवर चिडलो. निवृत्तीपर्यंत हा क्रम चालला.

निवृत्तीनंतर भोरला घर केले. मुलगा मानसिंग सिंगापुरात नोकरीला आहे. दोन हजार नऊ सालच्या दिवाळीनंतर त्याला कन्या झाली. नाव मी सुचवले : ऋजुता. सरळपणा, प्रामाणिकपणा असा अर्थ.

“सरळपना असू द्या,” आमच्या ठकुबाई म्हणाल्या. “पर म्हंताना जिभंला गाठ पडतीया. पोर रडायची राहून माझ्या तोंडाकडं बगत बसंल.”

ठकुबाई म्हणजे माझी पत्नी. ती चौथी शिकली आहे. उरलेले शिक्षण तिने माझ्याकडे पाहून घेतले, असे ती म्हणते. कोणत्या अर्थाने म्हणते, ते मी कधी विचारलेले नाही.

बारशाची अडचण अशी होती. बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचे असते. आत्या, म्हणजे आमची शिवानी, सारोळ्याला दिलेली. बाळ सिंगापुरात. तेव्हा मानसिंगने ठरवले की रविवारी संध्याकाळी तिकडे पाळण्याजवळ त्याचा संगणक असेल, इकडे आमचा असेल, आणि शिवानी इथून ‘कुर्रर्र’ करील. ठकुबाईने नातीला अजून पाहिले नव्हते. तिने त्या दिवसापासून पाळणा म्हणण्याचा सराव सुरू केला. भांडी घासताना, दळण निवडताना, माझ्या जेवणाच्या वेळी.

आणि आमचा संगणक बंद पडला. आतली डिस्क गेली.

मानसिंगने पुण्याला येणाऱ्या एका मित्राबरोबर नवी डिस्क आणि तिच्यावर बसवायच्या प्रणालीची अस्सल, पावतीसह विकत घेतलेली तबकडी पाठवली. मित्र पुढे साताऱ्याला जाणार होता, म्हणून कापूरहोळच्या फाट्यावर शाकिरच्या दुकानात पुडके ठेवून गेला. शाकिर संगणक दुरुस्त करतो. मानसिंगच्या वर्गातला. मी एसटीने संगणकाचा डबा मांडीवर घेऊन गेलो.

शाकिरने डिस्क माझ्या तळहातावर ठेवली. विड्याच्या पानाएवढी. मी कानाशी धरून हलवली.

“आत काही वाजत नाही,” मी म्हणालो. “रिकामी आहे.”

“भाऊसाहेब, हिच्यात फिरायचं काय नसतंच. चकती न्हाई, काटा न्हाई. समदं थंड. पर काम असं, की पापणी लवायच्या आत चालू.”

जे फिरत नाही, आवाज करीत नाही आणि सदैव थंड असते ते काम करते, हे मला पटेना. (आमच्या कचेरीत असे एक साहेब होते.) तरी मी ती बसवू दिली. शाकिरने ती डब्यात बसवली आणि हात पुसले.

“सिस्टीमबी टाकून देऊ का? माझ्याकडं सीडी हाय. निम्म्या तालुक्यात हीच टाकलीया.”

“विकत घेतलेली?”

“सीडी विकतच घेतली की. वरचं लिवलेलं तेवढं…”

“तेवढे चोरलेले.”

“चोरलं कसं भाऊसाहेब? ज्याचं हाय त्याच्याकडं हायेच की अजून.”

मी उठून उभा राहिलो. चोरीची व्याख्या, तिचे प्रकार आणि तिची या लोकी व परलोकी मिळणारी फळे मी त्याला फाट्यावरच्या रहदारीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितली. ऊस वाहणारा एक ट्रॅक्टर थांबला. शाकिरने ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाला, “तुमच्या मारुतीच्या देवळाचा कॉम्प्युटरबी ह्याच सीडीवर चाललाय.”

(त्या देवस्थानाचा चिटणीस मी आहे.)

“माझ्याकडे अस्सल तबकडी आहे,” मी खाली बसत म्हणालो. “ती घरी मी स्वतः बसवीन.”

“मंग सोपं हाय. ‘मान्य आहे’ म्हणून यील, त्यावर दाबायचं अन् फुडं जायाचं. वाचायचं न्हाई. कुणीच वाचत न्हाई.”

“कोणीच?”

“ज्यानं लिवलं त्यानं तरी वाचलं आसंल का, ह्याची शंका हाय. अन् भाऊसाहेब, लाइटीचा काय भरवसा? बॅटरीचा एक डबा घिऊन जा. मधेच लाइट गेली तर समदं पयल्यापासनं करावं लागंल.”

बॅटरीचा डबा मी नाकारला. ज्याचा हेतू शुद्ध, त्याला बॅटरी लागत नाही. हे वाक्य मी शाकिरला ऐकवले. ते आता त्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकवतो, असे कानावर आहे.

शुक्रवारी सकाळी स्नान करून, धूतवस्त्र नेसून मी पाटावर बसलो. संगणक चौरंगावर. हळदकुंकू वाहिले. तबकडी आत घातली. पडदा निळा झाला आणि इंग्रजी करारनामा उमटला. खाली एक लहान चौकट : मी या अटी वाचल्या आहेत आणि त्या मला मान्य आहेत.

मी शब्दकोश उघडला आणि पहिले कलम मोठ्याने वाचायला आरंभ केला. आधी इंग्रजी, मग मराठी अर्थ. कचेरीतली सवय.

“हे काय चाललंय?” ठकुबाई सुपासकट आली.

“वाचतो आहे.”

“लई हाय का?”

“असेल.”

“रविवारच्या आत हुईल न्हवं?”

“सत्याला घाई नसते.”

“सत्याला नसंल. बारशाला हाय.”

दुसऱ्या कलमाशी मी थबकलो. चष्मा पुसला. पुन्हा वाचले. तिथे स्वच्छ लिहिले होते की ही प्रणाली विकलेली नाही, केवळ वापरायला दिलेली आहे.

“भाडेपट्टा!” मी ओरडलो.

ठकुबाईच्या हातातले सूप हलले. “कुनाचा?”

“मानसिंगाने पूर्ण दाम मोजले. पावती आहे. आणि हे म्हणतात विक्री नव्हे! हे खरेदीखत नाही, ठकुबाई, हा भाडेपट्टा आहे! रखमाजीला भाडेपट्टा सांगून खरेदीखत दिले, आणि माझ्या पोराला खरेदीखत सांगून भाडेपट्टा! चोर ते चोर, वर कलम दोन!”

“आवं, पर आपल्याला पोरगी बगायची हाय. ती दिसली म्हंजी झालं. सिस्टीम घिऊन काय वाटनी करायचीया का?”

या अज्ञानावर मी बोलणार होतो, तोच वीज गेली. भारनियमन. पडदा काळा.

वीज परत आली तेव्हा यंत्र पहिल्यापासून सुरू झाले. कलम एक. मी कोठवर आलो होतो ते मला ठाऊक होते. तिथून पुढे वाचता आले असते. परंतु मी जन्मभर पोथ्यांची पारायणे केली आहेत. वाचनात खंड पडला की पुन्हा आरंभापासून. हा नियम देवाच्या ग्रंथाला लागू आणि माणसाच्या लबाडीला नाही, असे कसे म्हणावे? लबाडी तर अधिकच लक्षपूर्वक वाचली पाहिजे. मी हातपाय धुतले आणि कलम एक उच्चारले.

संध्याकाळी कलम अकराला पुन्हा वीज गेली. मी काय म्हणालो ते इथे लिहिण्याजोगे नाही. नंतर मी देवापुढे नाक घासले.

शनिवारी सकाळी आरंभ केला आणि थोड्या वेळाने मागे बांगड्या वाजल्या. शेजारच्या बाळाबाई नारळ घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी नारळ संगणकापुढे ठेवला, पडद्याला हात जोडले आणि भिंतीशी टेकून बसल्या. त्यांच्या मागून आणखी दोघी आल्या. मी वाचत असल्यामुळे मधे बोलता येईना. (पारायणात बोलणे वर्ज्य.)

“कुठलं पारायन म्हनायचं ह्ये?” बाळाबाईंनी ठकुबाईला हळूच विचारले. हळूच म्हणजे मारुतीच्या देवळापर्यंत.

“इंग्रजी हाय,” ठकुबाई म्हणाली.

“आगं बया! इंग्रजीतबी देव आला का?”

मी मराठी अर्थ सांगत होतो : “वापरणाऱ्याने प्रणाली उघडून पाहू नये. दुसऱ्यास देऊ नये. तिची नक्कल करू नये. तसे केल्यास सर्व हक्क तत्काळ नष्ट होतील.”

“लई कडक देव हाय,” बाळाबाई म्हणाल्या आणि पदर डोक्यावर नीट घेतला.

मग ते कलम आले. अक्षरे सगळी मोठ्या लिपीची. मी अर्थ लावला. पुन्हा लावला. रक्त मस्तकात चढले. या प्रणालीमुळे वापरणाऱ्याचे काहीही नुकसान झाले, काम बुडाले, माहिती नष्ट झाली, तरी कंपनी कशालाही जबाबदार नाही. आणि ही शक्यता कंपनीला आधीपासून ठाऊक असली, तरीसुद्धा नाही!

“ठाऊक असले तरी!” मी पाटावरून उठलो. “ऐका, ऐका बाळाबाई! हा बैल विकतो. विकत नाही, भाड्याने देतो. बैल मारका आहे हे याला ठाऊक आहे. आणि लिहून घेतो की बैलाने तुमची आतडी बाहेर काढली तरी मी जबाबदार नाही! हा कोणता धर्म? हा कोणता न्याय? आणि जगातली कोट्यवधी शिकलेली माणसे याच्याखाली मुकाट्याने अंगठा लावतात! आमचा रखमाजी निरक्षर होता. हे काय आहेत?”

शेवटचे वाक्य मी चौरंगावर हात आपटून म्हटले. चौरंग हलला. तार निसटली. पडदा काळा झाला.

(या वेळी भारनियमन नव्हते. एवढे मला लिहिले पाहिजे.)

“झाली का आरती?” बाळाबाईंनी विचारले.

कलम एक. तेवढ्यात त्या उठल्या. प्रसाद नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःचा नारळ उचलला आणि जाता जाता म्हणाल्या, “देव कडक आसंल, पर पुजारी त्याच्यावून कडक हाय.” दुपारपर्यंत आळीत बातमी होती की भाऊसाहेबांनी कोण्या परदेशी दैवताचे व्रत धरले असून ते अजून प्रसन्न होत नाही.

शनिवारी रात्री ठकुबाई जेवायला वाढताना बोलली नाही. वरण वाढले, बोलली नाही. ताक वाढले, बोलली नाही. पाळणाही म्हटला नाही. दोन आठवडे ज्या पाळण्याने माझा घास अडत होता, तो थांबल्यावर घास अधिकच अडला.

“उद्या होईल,” मी म्हणालो.

“बगते,” ती म्हणाली. “न्हाई झालं तर पोरीला म्हनावं, तुजं आजोबा वाचत व्हतं. थोर झालीस की यिऊन भेट.”

रविवारी दुपारी शिवानी सारोळ्याहून आली. बरोबर कुंची, झबले, घुगऱ्यांचा डबा. बाळ दोन देशांपलीकडे आणि कुंची भोरमध्ये, हे मी तिच्या लक्षात आणून दिले. ती म्हणाली, “आबा, तुम्ही किती वाचलंय ते आधी सांगा.”

मी शेवटच्या कलमावर होतो. वीज होती. देवाची कृपा होती. मी शेवटचा शब्द वाचला, अर्थ सांगितला आणि शब्दकोश मिटला. खंड न पडता संपूर्ण वाचन. डोळ्यांत पाणी आले.

“झालं!” शिवानीने टाळी वाजवली. “दाबा आता.”

मी चौकटीकडे पाहिले. तिच्यात लिहिले होते : वाचल्या आहेत. हे सत्य होते. पुढे लिहिले होते : आणि मान्य आहेत.

“मान्य नाहीत,” मी म्हणालो.

शिवानीने कपाळावर हात मारला.

“कलम दोन मला मान्य नाही. जबाबदारीचे कलम तर मुळीच मान्य नाही. बाकीची मान्य. हरकत नोंदवायला जागा कुठे आहे?”

“आबा, जागा नसते!”

“प्रत्येक कागदाला समास असतो.”

“कॉम्प्युटरला नसतो! एक तर हो म्हणायचं, नाहीतर बंद करायचं!”

“मग ही जबरदस्ती आहे. जबरदस्तीने घेतलेली संमती कायद्याने रद्द होते.”

“आवं,” ठकुबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरे वाटले असते. “तिकडं पोरीला नवं कपडं घालत आसतील. म्या अजून तिचं नाक कुनावानी हाय त्ये बगितलं न्हाई. तुमची हरकत नोंदा, न्हाईतर भिंतीवर लिवा. मला नात दावा.”

मी पेचात सापडलो. एका बाजूला नात. दुसऱ्या बाजूला सत्य. खोटे बोलून ऋजुता नावाच्या मुलीचे बारसे करायचे? मी पायांत वहाणा सरकवल्या आणि मारुतीच्या देवळात गेलो.

तिथे बराच वेळ बसलो. मारुतीला सगळी कलमे सांगितली. कंपनीचा राग, शाकिरचा राग, वीजवाल्यांचा राग, बाळाबाईंचा राग, सगळे त्याच्या पायाशी ठेवले. शेवटी राग उरला नाही आणि उत्तरही मिळाले नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसू लागली. ठकुबाईचा तो न चढलेला आवाज. परत जाऊन चौकटीवर दाबायचे, पाप आपल्या माथी घ्यायचे आणि एक निर्जळी एकादशी करायची, असे ठरवून मी उठलो. मला स्वतःचे कौतुक वाटले. त्याग करणाऱ्याला वाटते तसे.

घराजवळ आलो तर आतून पाळण्याचे गाणे ऐकू येत होते.

आत पडदा उजळला होता. पडद्यात मानसिंग, सूनबाई आणि पाळण्यात एक चिमुकले, लालसर, रुसलेले तोंड. शिवानी पडद्याशी ओठ नेऊन नाव सांगत होती. तिकडे मानसिंगने आवाजाचा डबा पाळण्याशी धरला होता. “कुर्रर्र!” बाळाने ओठ काढले आणि रडायला लागले. सगळे हसले. ठकुबाई गाता गाता रडत होती.

“नाक माझ्या आयवानी हाय,” ती मला म्हणाली.

मी सर्व होईपर्यंत थांबलो. नातीला आशीर्वाद दिला. डोळे पुसले. मानसिंगचे बोलणे संपून पडदा शांत झाला, मग विचारले, “मान्य कोणी केले?”

“म्या,” ठकुबाई म्हणाली.

“शिवानीने दाबले?”

“तिनं फकस्त जागा दावली. दाबलं म्या. अंगठ्यानं.”

“ठकुबाई!” माझा राग परत आला, देवळात ठेवलेला सगळाच. “न वाचता? माझ्या घरात? मी जन्मभर ज्याच्याविरुद्ध…”

“न वाचता कसं? तुमी तीन दिस वरडून वाचत व्हता, त्ये काय भिताडाला? म्या समदं ऐकलं. कलम एक तर पाठ झालंय. म्हनून दावू?”

“पण मान्य…”

“कचेरीत तुमी काय करायचा? वाचून दावायचा, समजलं का म्हून इच्यारायचा, अन् समोरचा मानूस अंगठा द्यायचा. वाचनारा कारकून कवा अंगठा देतो व्हय? तुमचं काम वाचायचं. त्ये तुमी केलं. माजं काम अंगठ्याचं. त्ये म्या केलं.”

मी उत्तर शोधले. कायद्यात शोधले, धर्मात शोधले. दोन्हीकडे ती बरोबर होती.

“समजले का तुला? सगळे?” मी अखेरचा प्रश्न विचारला. तो माझ्या टेबलावरचा प्रश्न होता.

“समजलं की. वस्तू आपली न्हाई, फकस्त वापरायला दिल्याली. उघडून बगायची न्हाई. काय बी झालं तरी त्यो जबाबदार न्हाई, आन् बदलूनबी मिळायचा न्हाई.” तिने घुगऱ्यांची वाटी माझ्या हातात दिली. “लग्नात आमाला कुनी एवडंबी वाचून दावलं न्हवतं.”

शिवानी उठून स्वयंपाकघरात गेली. तिला हसायचे होते.

शाकिरचे एक म्हणणे खरे ठरले. ती मुकी, थंड डिस्क इतकी वेगवान होती की मी मारुतीला कलमे सांगत होतो तेवढ्यात तिने सगळे उरकले. त्या घरात तीन दिवस हळू चालत होता तो फक्त मी.

आता एवढेच सांगायचे राहिले. ज्याने अटी मान्य केल्या, त्याचे नाव यंत्र मालक म्हणून लिहून घेते. रोज सकाळी मी संगणक लावतो आणि पडद्यावर दोन नावे येतात. वरती : ठकुबाई. खाली : पाहुणा. पाहुण्याला वाचता येते. नवे काही बसवता येत नाही.

ही हकिकत मला संगणकावर लिहायची होती. त्यासाठी मराठी अक्षरे बसवावी लागतात. मी आज्ञा दिली. यंत्राने मालकाची परवानगी मागितली आणि पुढे एक इंग्रजी करारनामा मांडला. मी ठकुबाईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि समोर बसली.

“नुसते दाब,” मी म्हणालो. (होय. मी म्हणालो.)

“न वाचता?” ती म्हणाली. “ह्या घरात?”

मी पाट घेतला, चष्मा लावला आणि कलम एकपासून वाचायला बसलो. सातव्या कलमापर्यंत आलो तेव्हा मागून घोरणे ऐकू आले. मी खाकरलो. ठकुबाईने डोळे उघडले, पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

“मधी डुलकी लागली वाटतं,” ती म्हणाली. “खंड पडला. पयल्यापासनं घ्या.”

हा मजकूर मी हाताने लिहिला आहे.